अगरु : जखमी झाडाचे महागडे अत्तर

विशेष प्रतिनिधी

सोयगाव : सोयगाव तालुक्यातील लेणापूरच्या शिवारात, वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. त्यांपैकी सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक संस्कृत शिलालेख आहे. वाकाटक सम्राट हरिषेण याच्या अधिपत्याखालील एका स्थानिक राजाचे हे दान. धाकट्या भावाच्या मृत्यूने शोकाकुल झालेल्या या राजाने विहार कोरविला आणि त्याच्या पश्चिमेस एक भव्य 'गंधकुटी' उभारली, असे त्यात नमूद आहे. आज एकोणिसावे लेणे म्हणून ओळखले जाणारे चैत्यगृह म्हणजेच ही गंधकुटी होय, असे अभ्यासक मानतात. बुद्धाच्या निवासाची खोली भक्तांनी आणलेल्या फुलांच्या व सुगंधी द्रव्यांच्या दरवळामुळे गंधकुटी म्हटली जाई. तेच नाव पुढे बुद्धमूर्ती जेथे विराजमान असेल त्या स्थानाला मिळाले. त्या गंधकुटीत नेमका कोणता धूप जळत असे, याची यादी शिलालेखात नाही. मात्र त्या काळातील संस्कृत वाङ्मय उघडले, की चंदन, कापूर, केशर आणि कस्तुरी यांच्या पंक्तीत एक नाव हटकून भेटते. ते म्हणजे अगरु.

हेच अगरु आज 'ऊद' या अरबी नावाने जगातील सर्वांत महागड्या अत्तरांच्या कुप्यांवर मिरवत आहे. मुंबई-पुण्यातील मॉलमधील परफ्यूमच्या दुकानांपासून ते मोहम्मद अली रोडवरील अत्तरवाल्यांच्या काचेच्या कपाटापर्यंत सर्वत्र या नावाचा बोलबाला आहे. अस्सल अगरु तेलाचा भाव अजूनही तोळ्यावर सांगितला जातो. तोळा म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम. साध्या प्रतीच्या तोळ्याला हजारांत आणि जुन्या, उत्तम प्रतीच्या तोळ्याला लाखांत पैसे मोजणारे शौकीन आहेत. एवढे मोल देऊन आपण नेमके काय विकत घेतो, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

निरोगी झाड निरुपयोगी

अगरूचे झाड 'अ‍ॅक्विलेरिया' या प्रजातीतील. भारतात ईशान्येकडील आसाम, त्रिपुरा, मेघालय, अरुणाचल, नागालँड या राज्यांत आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव 'अ‍ॅक्विलेरिया मलाक्केन्सिस'. महाराष्ट्राच्या जंगलात हे झाड नैसर्गिकरीत्या उगवत नाही. ते उंच, सदाहरित आणि दिसायला अगदी सामान्य असते. त्याचे निरोगी लाकूड फिकट, हलके आणि गंधहीन असते. खोकी बनविण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही.

सुगंध येतो तो झाड आजारी पडल्यावर. खोडकिडीची अळी खोड पोखरते, फांदी मोडते किंवा वीज पडते. या जखमांतून बुरशी आत शिरते. तिचा प्रसार रोखण्यासाठी झाड जखमेभोवती गडद रंगाची राळ तयार करू लागते. ही राळ वर्षानुवर्षे लाकडाच्या पेशींत साठत जाते. मूळचे पांढुरके लाकूड तपकिरी आणि मग काळे पडते, जड होते. उत्तम प्रतीचे अगरु पाण्यात टाकले तर बुडते. चिनी आणि जपानी भाषांतील त्याच्या नावांचा अर्थच 'बुडणारा सुगंध' असा आहे. राळेतील सेस्क्विटर्पिन वर्गातील संयुगे आणि क्रोमोन नावाची संयुगे मिळून तो विशिष्ट गंध घडवितात. क्रोमोनचा गंध विशेषतः लाकूड निखाऱ्यावर तापले की खुलतो. म्हणूनच अगरूचा धूप आणि अगरूचे तेल यांचे वास एकाच झाडाचे असूनही वेगळे लागतात.

जंगलातील प्रत्येक झाडाला ही 'व्याधी' जडत नाही. मोजक्याच झाडांत राळ धरते आणि ती धरली आहे की नाही, हे बाहेरून खात्रीने कळत नाही. आत काय आहे हे पाहण्यासाठी झाड तोडावे लागते. अगरूच्या दुर्मिळतेचे आणि त्याच्या जंगलांच्या नाशाचेही मूळ या एका गोष्टीत आहे. एका काळ्या खोडाच्या आशेने कित्येक निरोगी झाडे कुऱ्हाडीखाली गेली.

आपल्या पूर्वजांना या व्याधीचे भान होते, याचा पुरावा शब्दकोशात आहे. 'अमरकोशा'त अगरूसाठी जे पर्यायी शब्द दिले आहेत त्यांत 'राजार्ह', म्हणजे राजांना शोभणारे, 'लोह', म्हणजे लोखंडासारखे जड, आणि 'कृमिज', म्हणजे किड्यापासून जन्मलेले, असे शब्द आढळतात. किंमत, परीक्षा आणि उत्पत्ती अशा तिन्ही गोष्टी या तीन शब्दांत आल्या. आधुनिक शास्त्राने बुरशीचा शोध लावून त्यात भर घातली, एवढेच.

उदबत्तीतला ऊद गेला कुठे?

मराठी घरात हे झाड कोणी पाहिलेले नसते, पण त्याची दोन्ही नावे देवघरात रोज उच्चारली जातात. 'अगरबत्ती'तील अगर म्हणजे हेच अगरु आणि 'उदबत्ती'तील ऊद म्हणजेही हेच. अरबीत 'ऊद' या शब्दाचा मूळ अर्थ काठी किंवा लाकूड. त्या नावाचे तंतुवाद्यही आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक उदबत्त्यांत ना ऊद असतो ना अगर. बांबूची काडी, कोळशाची पूड, चिकटपणासाठी जिगटाची साल आणि वरून सुगंधी द्रावणाचा हात, असा तिचा संसार. अगरु महाग झाले, ते बत्तीतून निघून गेले आणि नाव मागे राहिले.

मराठीत आणखी एक घोटाळा आहे. बाळंतिणीच्या खोलीत, तिन्हीसांजेला निखाऱ्यावर जो 'ऊद' घालतात तो बहुधा अगरु नसून लोबानासारखी झाडाची राळ असते. किराणा दुकानात 'ऊद द्या' म्हटल्यावर मिळणारे खडे आणि अत्तरवाल्याकडचे 'ऊद' या दोन भिन्न वस्तू आहेत. तिसरा घोटाळा भाषांतराचा. इंग्रजीत अगरूला जुन्या काळी 'अ‍ॅलोज' म्हणत, त्यामुळे काही भाषांतरांत ते चक्क कोरफड होऊन बसते. कोरफडीचा याच्याशी सुतराम संबंध नाही.

चरकसंहितेत थंडी घालविणाऱ्या लेपांमध्ये रास्ना आणि अगरु यांना अग्रस्थान दिले आहे. चंदन उन्हाळ्याचे, अगरु हिवाळ्याचे, ही ऋतूंची वाटणी जुनी आहे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तही थंडीच्या दिवसांत काळ्या अगरूचा उल्लेख येतो. एअर कंडिशनरच्या काळात ही वाटणी पाळण्याची गरज उरली नाही हे खरे, पण मे महिन्याच्या उन्हात अंगाला अस्सल ऊद लावून लोकलमध्ये चढणाऱ्याने शेजाऱ्यांचा विचार जरूर करावा.

राजांची भेट, गणित्याची मिश्रणे

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त राजाच्या कोशात ठेवण्याजोग्या मौल्यवान वस्तूंची परीक्षा सांगितली आहे. तेथे अगरूचे जोंगक, दोंगक आणि पारसमुद्रक असे प्रकार दिले आहेत. पारसमुद्रक म्हणजे समुद्रापलीकडून येणारे. आग्नेय आशियातील अगरु त्या काळीही भारताच्या बाजारात उतरत होते, असा याचा अर्थ.

सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त कामरूपचा, म्हणजे आजच्या आसामचा, राजा भास्करवर्मा याने सम्राट हर्षाला पाठविलेल्या भेटींची यादी दिली आहे. तीत अगरूच्या सालीवर लिहिलेले ग्रंथ आहेत आणि बांबूच्या नळ्यांतून आणलेले काळ्या अगरूचे तेलही आहे. अगरूच्या सालीवर लिहिण्याची ही प्रथा आसामात पुढे शेकडो वर्षे टिकली. तेथील मठांत, ज्यांना सत्र म्हणतात, 'सांचीपात' नावाने ओळखल्या जाणाऱ्या सालीवरील पोथ्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. एकाच झाडाने कागद दिला आणि अत्तरही.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. अजिंठ्याची मुख्य लेणी कोरून झाल्यानंतरचा हा लगतचा काळ. ज्योतिषी आणि गणिती असलेल्या या माणसाने सुगंधाकडेही गणित्याच्या नजरेने पाहिले. अगरूसह सोळा द्रव्ये घ्यावीत आणि त्यांतील कोणतीही चार निवडून मिश्रण करावे, असे तो सांगतो. सोळांतून चार निवडण्याचे १८२० प्रकार होतात. प्रत्येक निवडीत द्रव्यांची प्रमाणे बदलत गेल्यास मिश्रणांची संख्या १,७४,७२० वर जाते, असा त्याचा हिशेब आहे. आजचा अत्तरकार संगणकावर जे करतो, त्याचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

मराठवाड्याचा मोठा भाग ज्यांच्या राज्यात होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने ११२९ मध्ये 'मानसोल्लास' हा ज्ञानकोश रचला. राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना त्यात विलेपन आणि धूप यांना स्वतंत्र स्थान आहे. कोणत्या ऋतूत राजाने अंगाला काय लावावे, धूप कसा सिद्ध करावा, याची चर्चा करणारा राजा आज आपल्याला विलासी वाटेल. पण त्याच्यामुळेच दख्खनच्या राजवाड्यांतील गंधशाळेची कल्पना करता येते.

भांडारकर संस्थेतील एक पोथी

या विषयातील मराठी माणसाला सर्वांत जवळची गोष्ट मात्र राजवाड्यात नाही, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घडली. संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) हे हस्तलिखितांचे विलक्षण अभ्यासक. राजेमहाराजांच्या सनावळ्यांत फारसे न रमता जिलबी, मेंदी, नथ, पानविडा, तंबाखू, तोफा अशा रोजच्या वस्तूंचा इतिहास त्यांनी जुन्या पोथ्यांतून खणून काढला. १९४० च्या दशकात त्यांनी अत्तरांच्या इतिहासावर निबंधांची एक मालिकाच लिहिली. संस्थेच्या संग्रहातील एका हस्तलिखिताने त्यांचे लक्ष वेधले होते. त्यात गंगाधर नावाच्या लेखकाचा 'गंधसार' हा संस्कृत ग्रंथ होता आणि त्याला जोडून अज्ञात लेखकाचा 'गंधवाद'. विशेष म्हणजे गंधवादावर जुन्या मराठीतील टीका होती.

सुगंधशास्त्रावर संस्कृतात पुष्कळ लिहिले गेले असावे, पण त्यातील स्वतंत्र ग्रंथ जवळजवळ सारे नष्ट झाले. जे उरले त्यांत हे दोन ग्रंथ आहेत, आणि त्यांपैकी एकाचा अर्थ लावायला मराठीचा आधार मिळतो. मराठी टीका लिहिली गेली याचाच अर्थ असा, की संस्कृत श्लोक वाचून अडणारा, पण प्रत्यक्ष चुलीपाशी बसून द्रव्ये उकळणारा कोणी मराठी कारागीर किंवा त्याचा मालक हे पुस्तक वापरत होता. पंडिताला धूप कसा करायचा हे समजावून सांगण्यासाठी टीका लागत नाही, कारण तो धूप करीतच नाही.

'गंधसारा'त अत्तरविद्येच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावन म्हणजे चूर्णाला सुगंधी द्रवाचे पुट देणे. पाचन म्हणजे पानांत गुंडाळून किंवा भांड्यात घालून शिजविणे. बोध म्हणजे मंदावलेला गंध जागा करणे. वेध हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. कस्तुरी-कापरासारखे तीव्र द्रव्य थोड्या प्रमाणात घालून साऱ्या मिश्रणाला 'भेदणे', असा त्याचा आशय. धूपन म्हणजे धुरी देणे आणि वासन म्हणजे ताज्या फुलांच्या सहवासात ठेवून सुवासिक करणे. ग्रंथाचा शेवटचा भाग द्रव्यांची नावे आणि त्यांची परीक्षा यांना वाहिलेला आहे. खरे-खोटे ओळखण्याची गरज मध्ययुगातही भासत होती, हे त्यावरून उघड होते.

गोडे यांचे हे निबंध पुढे 'स्टडीज इन इंडियन कल्चरल हिस्टरी' या संग्रहात आले. दोन्ही ग्रंथांची चिकित्सक आवृत्ती, मराठी टीकेसह, रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादित केली आणि १९८९ मध्ये वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. परदेशी विद्वानांनी या आवृत्तीच्या आधारे भारतीय सुगंधविद्येवर पुस्तके लिहिली. महाराष्ट्रात मात्र तिची व्हावी तितकी चर्चा झाली नाही, याची खंत वाटते. जुन्या मराठीचा असा तांत्रिक नमुना ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडण्याजोगा आहे.

चोव्यापासून देहन-अल-ऊदपर्यंत

अगरूचे तेल काढण्याची एक जुनी रीत अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त नोंदविली आहे. अगरूचे तुकडे अरुंद तोंडाच्या, मातीने लिंपलेल्या भांड्यात भरायचे, ते उपडे ठेवायचे, खाली दुसरे भांडे आणि भोवती गोवऱ्यांचा मंद जाळ. तापलेल्या लाकडातून पाझरणारे तेल खालच्या भांड्यात उतरते. या तेलाला 'चोवा' म्हणत. मराठीत 'चोवा-चंदन' ही जोडी आणि 'अरगजा' हा मिश्र सुगंध जुन्या काव्यांतून परिचित आहे. पण चोवा म्हणजे अगरूचे तेल, हा अर्थ आता विस्मरणात गेला आहे.

आजची रीत जलऊर्ध्वपातनाची. आसामातील होजाई हे या धंद्याचे मोठे केंद्र. तेथे कारागीर, त्यांत पुष्कळ स्त्रिया, छोट्या धारदार हत्यारांनी लाकडातील काळा भाग आणि पांढरा भाग वेगळा करीत बसतात. सर्वांत काळे तुकडे धूप म्हणून थेट विकले जातात. ते तेलासाठी वापरणे परवडत नाही. कमी राळेचे लाकूड दळून पाण्यात भिजत घालतात. हे भिजवणे काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत चालते. या आंबण्यातूनच काही ऊद तेलांना गोठ्याची आठवण करून देणारा तो उग्र वास येतो. अरब शौकिनांना तो प्रिय, आपल्याकडील नवख्या ग्राहकाला मात्र तो नाक मुरडायला लावतो. नंतर भट्टीवर दिवसचे दिवस मंद आचेने वाफ काढली जाते आणि पाण्यावर तरंगणारे तेल अलगद टिपून घेतले जाते. साध्या प्रतीचे दहा-वीस किलो लाकूड जाळात घातल्यावर जेमतेम एखादा तोळा तेल हाती लागते. किमतीचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

हे तेल 'देहन-अल-ऊद' या नावाने अरबस्तानात जाते आणि त्या वाटेवर मुंबई हे जुने ठाणे आहे. होजाईजवळील शेतकरी हाजी अजमल अली तेलाच्या व्यापारासाठी मुंबईत आले. त्यांनी उभारलेली 'अजमल' ही कंपनी आपला आरंभ १९५१ मध्ये झाल्याचे सांगते. आज तिचे मुख्य व्यवहार आखाती देशांत चालतात. आखाती श्रीमंत पावसाळ्यात मुंबईला येऊन ऊद घेऊन जात, तो काळ मोहम्मद अली रोड आणि भेंडीबाजाराने पाहिला आहे.

पाश्चात्त्य अत्तरसृष्टीला ऊदाचे वेड लागले ते बऱ्याच उशिरा. २००२ मध्ये 'इव्ह सां लोराँ'ने 'एम ७' हे पुरुषांसाठीचे परफ्यूम काढले, तेव्हा ते विकले गेले नाही. २००७ मध्ये 'टॉम फोर्ड'चे 'ऊद वुड' आले आणि पाहता पाहता प्रत्येक मोठ्या नाममुद्रेने आपापला 'ऊद' बाजारात उतरविला.

कुपीत काय असते?

येथे ग्राहकाने जरा थांबावे. मोठ्या कंपन्यांच्या हजारो-लाखो कुप्यांत ओतण्याइतके अस्सल अगरु तेल जगात तयारच होत नाही. त्यामुळे ज्यावर 'ऊद' लिहिले आहे अशा बहुतेक परफ्यूममध्ये प्रयोगशाळेत जुळवलेला ऊदाचा भास असतो. लाकूड, चामडे, धूर यांची आठवण देणारी कृत्रिम रसायने एकत्र करून तो घडविला जातो. यात फसवणूकच असते असे नाही. उत्तम कृत्रिम ऊद हीसुद्धा कारागिरी आहे, आणि झाडावर कुऱ्हाड न चालविणारी आहे. आक्षेप आहे तो कृत्रिमाला नैसर्गिकाचा भाव लावण्याला.

याउलट, पूर्णतः नैसर्गिक अत्तर बनविणारे थोडे कारागीर जगभर आहेत. त्यांची रचना वेगळी असते. अगरु तेल हा त्यांचा पाया. त्वचेवर ते सर्वांत शेवटपर्यंत, कित्येक तास टिकते. त्याच्याभोवती चंदनाचे तेल आधार म्हणून येते. मधल्या थरात बहुधा गुलाब असतो, कारण ऊदाचा कडवट गडदपणा आणि गुलाबाचा मधुर ओलावा ही अरबस्तानातील सर्वमान्य जोडी आहे. केशराचा किंचित अंश, कधी लिंबूवर्गीय सालीचे तेल. कनौजच्या परंपरेत गुलाबाची वाफ तांब्याच्या डेगेतून बांबूच्या चोंग्याने थेट चंदनतेल भरलेल्या भपक्यात उतरविली जाते. त्यात अल्कोहोल नसते. असे अत्तर दरवेळी तंतोतंत सारखे येत नाही. झाड वेगळे, आंबवण वेगळी, पाऊसमान वेगळे, म्हणून तेलही वेगळे. एकसारखेपणाची सवय झालेल्या शहरी ग्राहकाला हा दोष वाटतो. जाणकार त्यालाच अस्सलपणाची खूण मानतात.

भेसळ मात्र सर्व थरांत आहे. साध्या लाकडाला काळे रंगविणे, वजन वाढावे म्हणून त्यात जड पदार्थ भरणे, तेलात स्वस्त तेले मिसळणे हे प्रकार जुने आहेत. कागदावर थेंब टाकून, हातावर चोळून किंवा थंडीत तेल घट्ट होते का ते पाहून खात्री होत नाही. खात्रीची परीक्षा प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफीचीच. कनौज येथे १९९१ मध्ये स्थापन झालेल्या सुगंध व सुरस विकास केंद्रात अशा चाचण्यांची सोय आहे. तोळ्याला पन्नास हजार मोजणाऱ्याने विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल आणि माल लागवडीचा असल्याचा पुरावा मागितला तर त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

कायद्याच्या कक्षेत

पुरावा मागायचा तो केवळ पैशांसाठी नव्हे. 'अ‍ॅक्विलेरिया मलाक्केन्सिस'ची जंगलातील संख्या इतकी घटली, की १९९५ मध्ये वन्यजीव व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश झाला. त्या एका जातीवर बंधने येताच व्यापारी दुसऱ्या जातींकडे वळले. म्हणून २००४ मध्ये बँकॉक येथील परिषदेत अ‍ॅक्विलेरिया आणि तिच्या जवळची गिरिनॉप्स या दोन्ही प्रजातींतील सर्व जाती यादीत घालण्याचा निर्णय झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ च्या मूल्यांकनात भारतातील ही जात 'अतिसंकटग्रस्त' ठरविली आहे.

यात एक विसंगती आहे. जंगलातून नाहीसे होत आलेले हे झाड आसाम आणि त्रिपुरात लोकांच्या परसात मुबलक आहे. सुपारीच्या बागेत, घराच्या कुंपणाला ते लावलेले असते आणि मुलीच्या लग्नाला किंवा मुलाच्या शिक्षणाला ते विकले जाते. या शेतकऱ्यांना कायद्याने माल विकता यावा म्हणून आसामने २०२० मध्ये आणि त्रिपुराने २०२१ मध्ये अगरुविषयक धोरण जाहीर केले. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या अभ्यासाच्या आधारे केंद्राने एप्रिल २०२४ पासून निर्यातीचा नवा वार्षिक कोटा ठरविला. वैध वाट अरुंद असली की माल चोरवाटेने जातो, हे सरकारलाही पटलेले दिसते.

डोंगरापलीकडचा मोह, डोंगरावरचे गवत

अगरूच्या भावाचे आकडे फिरू लागले, की रोपे विकणारेही फिरू लागतात. एकरी इतकी झाडे, झाडामागे इतके लाख, असे गणित छापील पत्रकावर सोपे असते. कर्नाटकातील मलनाड आणि केरळ या दमट प्रदेशांत लागवडी झाल्या आहेतही. परंतु सोयगाव, सिल्लोड, कन्नडच्या शेतकऱ्याने दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. पहिली पावसाची. हे झाड वर्षाला दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस आणि बारमाही दमटपणा असलेल्या प्रदेशातले. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या निम्माही पाऊस होत नाही आणि उन्हाळा भाजून काढणारा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. झाड जगले म्हणजे अगरु मिळाले असे नव्हे. सहा-आठ वर्षांनी खोडाला भोके पाडून त्यात बुरशीचे विरजण भरावे लागते आणि पुढे काही वर्षे वाट पाहावी लागते. जोरहाट येथील वर्षा वन संशोधन संस्थेने यावर दीर्घकाळ काम केले आहे. तरीही राळ किती आणि कोणत्या प्रतीची धरेल याची हमी कोणी देत नाही. रोपवाल्याची 'परतखरेदीची हमी' दहा वर्षांनी वसूल करायची असते, तोवर तो कार्यालयात सापडेलच असे नाही. कपाशीच्या भावाने पोळलेल्या शेतकऱ्याला असे स्वप्न विकणे सोपे असते, म्हणूनच हा इशारा.

सुगंधी द्रव्यांचे वावडे मात्र या भूमीला नाही. सोयगाव तालुका मराठवाड्यात असला तरी डोंगराखाली, खानदेशाला लागून आहे, आणि खानदेशाचा स्वतःचा सुगंध आहे : रोशा गवत. तिखाडी, रोहिष अशी त्याची आणखी नावे. कोरड्या डोंगरउतारांवर ते आपोआप वाढते, जनावरे जून झाल्यावर त्याला फारसे तोंड लावत नाहीत. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या पट्ट्यात पावसाळ्यानंतर रानात भट्ट्या लागत. फुलोऱ्यावर आलेले गवत कापून ते डेगेत उकळून तेल काढले जाई. हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांना आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलला जाई. तेथे त्याला 'तुर्की जिरॅनियम' असे नवे नाव मिळे आणि मग ते बल्गेरियातील जगप्रसिद्ध गुलाबतेलात मिसळले जाई. युरोपातील व्यापाऱ्यांना पुष्कळ काळ हे तेल तुर्कस्तानचेच वाटत होते. खानदेशातील भिल्ल मजुरांनी कापलेले गवत पॅरिसच्या रुमालावर गुलाब म्हणून दरवळत होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

त्यामागचे रसायन साधे आहे. रोशा तेलाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जिरॅनिऑल या घटकाचा असतो आणि गुलाबाच्या गंधातही तोच घटक असतो. गवताचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. मोतियाचे तेल गोड, गुलाबी वळणाचे आणि किमतीचे. सोफियाचे तेल आल्यासारखे तिखट आणि स्वस्त. दोन्ही दिसायला सारखी असल्याने कापणाऱ्याची पारख महत्त्वाची ठरते. आजही साबणापासून तंबाखूपर्यंत आणि नैसर्गिक अत्तरांपर्यंत या तेलाला 'पामरोझा' या नावाने जगभर मागणी आहे. शुद्ध गुलाबतेल परवडत नाही अशा 'गुलाब-ऊद' मिश्रणांत गुलाबाची बाजू सांभाळण्याचे काम पुष्कळदा पामरोझाच करते.

अगरूसारखे ते तोळ्यावर नव्हे, किलोवर विकले जाते. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही, दहा वर्षे थांबावे लागत नाही. एकदा लावलेले गवत काही वर्षे कापणी देते आणि हलक्या जमिनीतही तग धरते. फर्दापूरहून लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर पावसाळा सरताना डोंगर वाळू लागतो. त्या उतारांवरचे एखादे पाते बोटांत चुरडून पाहिले आणि ते रोशाचे निघाले, तर गुलाबाचा वास येतो.